नगरसेवकाला पक्षांतरबंदी लागू आहे

‘पक्षांतरबंदी फक्त आमदार-खासदारांना, नगरसेवक निवडून आल्यावर हव्या त्या पक्षात जाऊ शकतो’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. राज्यघटनेतली पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आमदार-खासदारांपुरती आहे हे खरं. पण स्थानिक संस्थांसाठी महाराष्ट्राचा १९८६चा स्वतंत्र अनर्हता (अपात्रता) कायदा आहे. पक्ष स्वेच्छेने सोडला किंवा व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश) मोडून मत दिलं, तर पद जाऊ शकतं. निकालानंतर मुंबई-ठाणे परिसरातल्या नगरसेवकांच्या गाड्या गटनोंदणीसाठी (पक्षाचे नगरसेवक एक गट म्हणून नोंदवण्यासाठी) बेलापूरच्या कोकण भवनाकडे, म्हणजे विभागीय आयुक्तांच्या कार्यालयाकडे धावतात, त्या याच कायद्यामुळे; व्हिप कुणाचा चालणार, हे त्या नोंदीवर ठरतं. नगरपरिषदेत अपात्रतेचा निर्णय जिल्हाधिकारी देतात. मात्र पद आपोआप जात नाही, रीतसर तक्रार आणि सुनावणी लागते. तिथेच प्रकरणं रखडतात, आणि मतदार फसवला जातो.