भुऱ्या नवव्या दिवशी परत आला

रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुन्हा तोच विषय निघाला. "कुत्री टेम्पोत घाला आणि घाटापलीकडे सोडून या. दोन दिवसांत रुळतात तिकडे." तिथे माझा आवाज चढला आणि मांडायचं ते राहून गेलं. म्हणून इथे लिहितेय.

नाही रुळत हो ती.

आमची चिंगी साधी गावठी. गाडीत बसवली की खिडकीशी नाक लावून खूश असते. पण दवाखाना दोन वळणं लांब असतानाच ती सीटखाली शिरते. पंजांना घाम सुटतो, रबरी मॅटवर ओले ठसे उमटतात. मला वाटायचं, रस्ता ओळखते. एकदा मुद्दाम मागच्या गल्लीतून नेली, तरी तेच. सकाळच्या फेरीत एका बंद शटरपाशी ती हटकून थांबते. तिथलं चिकनचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली. आणि ज्या ट्रान्सफॉर्मरखाली दिवाळीत कुणीतरी तिच्या पायाशी सुतळी बॉम्ब फोडला, तिथून ती आजही जात नाही. पलीकडच्या कडेनं, भिंतीला अंग घासत जाते. इथे खायला मिळालं, इथे दुखलं, इथे आपलं माणूस भेटतं, असा सगळा परिसर तिच्या नाकात साठवलेला आहे.

आता भुऱ्याचं सांगते. गेटवरचा कुत्रा, नसबंदी झालेला, कानाला खूण असलेला. दोन वर्षांपूर्वी एका रात्री तो गायब झाला. नवव्या दिवशी पहाटे पंपाच्या खोलीपाशी दिसला. गळ्यात सुतळीचा तुकडा, चारही तळवे सोललेले. मी हाक मारली तर आधी आला नाही. गेटचा खांब हुंगला, मग जिन्याची पहिली पायरी, मग माझ्या स्कूटरचं मागचं चाक. सगळं जागेवर आहे याची खात्री झाल्यावर पाणी प्यायला.

कसा आला असेल? चेक प्रजासत्ताकात संशोधकांनी शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस बांधून त्यांना जंगलात सोडलं होतं. ते काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. काही कुत्री आल्या वाटेनंच परतली. काहींनी नवीच वाट धरली आणि त्यातली बरीचशी आधी साधारण २० मीटर उत्तर-दक्षिण धावून मग मालकाकडे वळली. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेत असावीत, असा त्यांचा अंदाज. घाट ओलांडणं त्याहून कितीतरी अवघड. आणि जी परत येऊ शकत नाहीत, ती तिकडे परक्या कुत्र्यांच्या हद्दीत मार खात, अन्न कुठे मिळतं ते न कळता हिंडतात.

चावण्याची भीती खोटी नाही. माझ्या भाच्याला चावलंय, त्याच्या प्रत्येक इंजेक्शनला मी बरोबर होते. म्हणूनच म्हणते, नसबंदी झालेला, लस दिलेला, आपल्याला ओळखणारा कुत्रा हलवला की त्याची जागा रिकामी राहत नाही. लस न दिलेली, अनोळखी कुत्री तिथे येतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही नसबंदीनंतर कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा, असं आहे.

आपल्या गल्लीत दोन माद्यांची नसबंदी अजून बाकी आहे. त्यांना पकडायच्या दिवशी मी सुट्टी घेते, खर्चातला माझा वाटाही देते. टेम्पो मात्र बोलावू नका.