स्नॅपशॉट्स फोल्डर डिलीट करायला सांगणाऱ्या फॉरवर्डबद्दल

‘व्हर्च्युअलबॉक्सचं मशीन सुरू होत नाही? पाच मिनिटांत उपाय’ असा एक फॉरवर्ड कॉलेजांच्या ग्रुपवर फिरतोय. ऐन प्रॅक्टिकलच्या तोंडावर तो धाकट्या बहिणीपर्यंत पोचला, म्हणून हे लिहावं लागतंय. (व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे तुमच्या संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम. त्या आभासी संगणकाला इथे ‘मशीन’ म्हटलंय. स्नॅपशॉट म्हणजे त्या मशीनची एका क्षणीची जपून ठेवलेली स्थिती.) त्यातले उपाय असे: स्नॅपशॉट्स फोल्डर डिलीट करा, कारण ‘त्यात नुसत्या जुन्या प्रती असतात’, मशीन यादीतून काढून मूळ व्हीडीआय फाइल (मशीनची आभासी डिस्क) नव्या मशीनला जोडा, हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची आभासी मशीन चालवणारी सोय) बंद करा, बायोस (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्ज) रीसेट करा, मशीनला सगळी रॅम द्या.

जुन्या प्रती? नेमकं उलट आहे. स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीडीआयला हात लावणं थांबतं आणि त्यानंतर लिहिलेला प्रत्येक बाइट स्नॅपशॉट्स फोल्डरमधल्या नव्या फाइलीत, म्हणजे फरक-फाइलीत (डिफरन्सिंग इमेज), जातो. ओरॅकलच्या व्हर्च्युअलबॉक्स मॅन्युअलमध्ये डिफरन्सिंग इमेजवरच्या भागात हे स्वच्छ लिहिलंय. न वाचताही कळतं: फोल्डर उघडा, तारखा बघा. मूळ व्हीडीआय स्नॅपशॉटच्या दिवशी थांबलेली दिसेल आणि महिरपी कंसातल्या लांबलचक नावाच्या फाइलीवर आजची तारीख असेल. तुमचं सबमिशन त्या दुसऱ्या फाइलीत आहे.

दुसरा उपाय पहिल्याहून घातक, कारण तो ‘चालतो’. मूळ व्हीडीआय नव्या मशीनला जोडली की लिनक्स झकास सुरू होतं, फक्त पहिल्या स्नॅपशॉटच्या दिवशी होतं तसं. त्यामुळे लोक अंगठा दाखवून मेसेज पुढे ढकलतात. पण सुरू होताच मूळ फाइलीत लिहिणं चालू होतं. मग रीसायकल बिनमधून फोल्डर परत आणला तरी व्हर्च्युअलबॉक्स जोडणी नाकारतो: प्रत्येक फरक-फाइलीत मूळ फाइलीच्या शेवटच्या बदलाचा ओळख-क्रमांक नोंदलेला असतो आणि तो आता जुळत नाही. तेव्हा डिलीट करून बसला असाल तर काहीही सुरू करू नका. आधी फाइली बिनमधून जागेवर आणा. फार मोठ्या फाइली विंडोज बिनमध्ये न टाकता थेट पुसतं, हेही लक्षात असू द्या.

स्नॅपशॉट नकोच असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्याच स्नॅपशॉट्स पानावरून डिलीट करा. तिथे तो फरक पुसला जात नाही, तर विलीन होतो. वेळ लागतो आणि फरक-फाइलीएवढी तरी मोकळी जागा आधी हवी.

त्या फोल्डरमधली एक गोष्ट, म्हणजे सेव्ह्ड स्टेटची (मशीन थांबवून ठेवलेल्या क्षणाची) फाइल, मात्र टाकता येते, हे नाइलाजाने मान्य. मशीन ‘सेव्ह्ड’ अवस्थेत अडकलं असेल, विशेषतः व्हर्च्युअलबॉक्स अपडेट केल्यावर, तर मेनूतून ‘डिस्कार्ड सेव्ह्ड स्टेट’ करा. चालू मशीनचा प्लग उपटल्यासारखं होतं. सेव्ह न केलेलं काम जातं, डिस्क राहते. फाइल हाताने उडवायची नाही.

हायपर-व्हीचा मुद्दा अर्धा खरा. २०१८ च्या ६.० आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यावर बसून चालू शकतो. तेव्हा मशीनच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसतं आणि वेगही कासवाचाच असतो. तरी कधी मशीन उठतच नाही, तेव्हा तो बंद करणं योग्य. पण विंडोज फीचर्सच्या यादीतून नुसती हायपर-व्हीची खूण काढून भागत नाही. व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म आणि विंडोज सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटीही तपासावी लागते. आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म काढलं की डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवणारी सोय) आणि त्यावर चालणारं डॉकरही बंद पडतं, हे फॉरवर्डवाल्याने सांगितलेलं नाही.

बायोस रीसेट कशाला? बऱ्याच लॅपटॉपांवर व्हर्च्युअलायझेशन (आभासी मशीन चालवू देणारी सीपीयूची सोय) बायोसमध्ये मुळातच बंद असतं, म्हणजे रीसेटने ते चालू असेल तर बंद होईल. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू: तिथे ‘व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड’ दिसत असेल तर बायोसकडे जाऊच नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर रीसेटनंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती कुठे ठेवलीय ते आधी आठवा.

रॅम: ८ जीबीच्या लॅपटॉपवर मशीनला ४ जीबीच्या वर जाऊ नका. सेटिंग्जमधल्या रॅमच्या पट्टीचा लाल भाग उगाच लाल नाही.

लाइट गेल्यानंतर मशीन ‘इनअ‍ॅक्सेसिबल’ दिसत असेल तर मशीनच्या फोल्डरमधली .व्हीबॉक्स फाइल (मशीनच्या सेटिंग्जची) बघा. ती ० केबीची झाली असेल तर व्हर्च्युअलबॉक्स पूर्ण बंद करा, शेजारच्या .व्हीबॉक्स-प्रेव्ह फाइलीची (त्याच सेटिंग्जची आधीची प्रत) कॉपी काढा आणि त्या कॉपीला मूळ नाव द्या.