प्रिंटर समोर चालू उभा आहे आणि कॉम्प्युटर म्हणतो ऑफलाइन!

आज डोक्याचा पार भुगा झालाय, तेव्हा सरळच लिहिते. प्रिंटर चालू आहे. हिरवा दिवा लागलाय, डिस्प्लेवर रेडी दिसतंय, ट्रेमध्ये कागद भरलाय, टोनर आहे, त्याच्या मेनूतून टेस्ट पेज मागितलं तर खटकन छापून देतोय, शेजारच्या टेबलावरून त्याच प्रिंटरवर प्रिंट जातायत, आणि नेमकं ज्या मशीनवरून अर्जंट बिल काढायचंय तिथे त्याच्या नावासमोर ऑफलाइन. का ऑफलाइन, कुठे अडलंय, काय केलं की सुरू होईल, एक अक्षर नाही. ट्रबलशूटर चालवला तर तो थोडा वेळ विचार केल्यासारखं करतो आणि शेवटी सांगतो की प्रॉब्लेम सापडला नाही. अरे सापडला नाही म्हणजे काय, मागच्या खिडकीत तूच ऑफलाइन लिहिलंयस ना!

मशीन बिघडतं याचा मला राग नाही. रोलर झिजतो, कागद अडकतो, फ्यूजर जातो, झाकण उघडलं की दिसतं, दुरुस्त होतं. संताप याचा येतो की नेमकं काय बिनसलंय ते या सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा ठाऊक असतं आणि तरी ते आपल्याला सांगत नाही.

एसएनएमपीचंच घ्या, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांची खबरबात विचारायची पद्धत. विंडोजमध्ये टीसीपी/आयपी पोर्ट (प्रिंटरच्या नेटवर्कवरच्या पत्त्याशी थेट जोडणारी नोंद) बनवला की त्याच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी एक टिक असते, बऱ्याचदा आपोआप लागलेली. त्याचा अर्थ असा की कॉम्प्युटर अधूनमधून प्रिंटरची विचारपूस करणार, कसा आहेस, कागद आहे का. ही विचारपूस होते यूडीपी १६१ पोर्टवरून, म्हणजे एका दारातून, आणि प्रत्यक्ष छापायचं काम जातं टीसीपी ९१०० वरून, म्हणजे दुसऱ्याच दारातून. आता कोणी सिक्युरिटीसाठी प्रिंटरवरचं एसएनएमपी बंद केलं, किंवा या विचारपुशीचा जणू पासवर्ड असलेलं 'पब्लिक' हे कम्युनिटी नेम बदललं (आणि ते बदलायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही), की विचारपुशीला उत्तर येत नाही. झालं, विंडोजने ऑफलाइन ठरवून टाकलं. ९१०० सताड उघडा आहे, प्रिंटर कामाची वाट बघतोय, पण हाकेला ओ आली नाही म्हणून माणूसच घरात नाही असं समजून हे दारातून परत! "एसएनएमपीला उत्तर येत नाहीये" एवढं एक वाक्य स्क्रीनवर दाखवायला काय जात होतं? त्याऐवजी प्रिंटर प्रॉपर्टीज, तिथून पोर्ट्स, तिथून कॉन्फिगर पोर्ट, एवढं आत घुसून ती टिक काढायची, आणि ही टिक तिथे असते हे साध्या माणसाला कोण सांगणार.

बरं ते निस्तरलं तर आयपी, म्हणजे प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता. प्रिंटर बसवायला आलेला इंजिनिअर घाईत असतो, राऊटरने आपोआप पत्ता द्यायच्या डीएचसीपीवर सोडून एक प्रिंट काढून दाखवतो, सही घेतो आणि पसार. मग एक दिवस लाइट जाते, राऊटर रीस्टार्ट होतो, प्रिंटरला नवा पत्ता मिळतो. काल १९२.१६८.१.२५ होता, आज शेवटी ४१. कॉम्प्युटरमधला पोर्ट मात्र २५ लाच धरून बसलाय. आणि यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे २५ नंबर तोवर कोणाच्या तरी मोबाईलला मिळालेला असतो, त्यामुळे पिंग मारलं (त्या पत्त्यावर कोणी आहे का ते विचारलं) तर उत्तर येतं! पिंग येतंय म्हणजे नेटवर्क ठीक, असं धरून माणूस ड्रायव्हर (कॉम्प्युटरला त्या प्रिंटरची भाषा शिकवणारं सॉफ्टवेअर) उकरायला बसतो, अख्खी दुपार जाते, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. एआरपी टेबल, म्हणजे कुठला आयपी कुठल्या यंत्राचा याची कॉम्प्युटरमधली यादी, काढून त्यातला मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) प्रिंटरच्या कॉन्फिगरेशन पेजवरच्या मॅकशी जुळवून बघितला की मग कळतं की आपण इतका वेळ कोणाच्या तरी खिशातल्या फोनशी बोलत होतो. राऊटरमध्ये त्या मॅकसाठी एक रिझर्व्हेशन टाकून पत्ता पक्का केला असता तर यातलं काहीच झालं नसतं. चहा थंड व्हायच्या आत होणारं काम आहे ते, आणि तेवढंही करत नाहीत.

विंडोजला प्रिंटर स्वतः शोधू दिला की ते पुष्कळदा डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटरला नेटवर्कवर आपोआप शोधणारा) लावतं, ती अजून वेगळी कटकट. पहिल्या दिवशी झकास, नंतर कधीतरी प्रिंटरचा शोधच लागत नाही आणि परत ऑफलाइन. मी आता डब्ल्यूएसडी दिसला की काढून टाकते आणि हाताने स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवते, विषय संपला. लॅपटॉप गेस्ट वायफायवर असेल तर तिथून प्रिंटर सहसा दिसतच नाही, हेही आधी बघावं, पण विंडोज काही ते बोलणार नाही.

आणि ड्रायव्हर! २०२१ च्या जून-जुलैत विंडोजमधलं प्रिंटनाइटमेअर नावाचं सुरक्षेचं भोक उघड झालं. स्पूलर, म्हणजे प्रिंटची कामं रांगेत लावणारी विंडोजची सर्व्हिस, सिस्टिमच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, अधिकाराने चालतो, आणि साधा युजर त्याच्यामार्फत ड्रायव्हरच्या नावाखाली काहीही घुसवू शकत होता. भोक खरंच भयंकर होतं, बुजवायलाच हवं होतं. ऑगस्टच्या अपडेटपासून प्रिंट सर्व्हरवरून (ऑफिसातले प्रिंटर सगळ्यांना वाटून देणाऱ्या कॉम्प्युटरवरून) ड्रायव्हर घ्यायला किंवा अपडेट करायला ॲडमिनचा अधिकार लागायला लागला. ठीक. पण मग सकाळी सकाळी अकाउंट्समधल्या माणसासमोर ॲडमिन पासवर्डची खिडकी उघडते, त्याला काही कळत नाही, तो कॅन्सल करतो आणि फोन करतो, मॅडम प्रिंटर गेला. प्रिंटर गेलेला नाही, सर्व्हरवरचा ड्रायव्हर बदललाय आणि त्याच्या मशीनला तो घ्यायची परवानगी नाही, हे त्या खिडकीत साध्या भाषेत लिहिता आलं असतं की नाही?

पाठोपाठ सप्टेंबरच्या अपडेटनंतर तो शेवटी ११बी असलेला एरर आला, शेअर्ड प्रिंटर जोडायला गेलं की थोबाडावर नुसता आकडा. आणि त्यावर जो तो सांगत सुटलाय, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) जा, आरपीसी ऑथेंटिकेशनची, म्हणजे दोन मशीनं एकमेकांची ओळख तपासतात त्याची, ती एक व्हॅल्यू शून्य करा, चालतं. चालतं हो, चालणारच, कारण जे भोक बुजवायला ते अपडेट आलं होतं ते तुम्ही स्वतःच्या हाताने परत उघडलंत! हे कोणी सांगत नाही. ऑफिसच्या ऑफिसं अशी उघडी पडलेली असतील आणि तिथल्या लोकांना वाटतंय आपण प्रिंटर दुरुस्त केला. दोन्हीकडची मशीनं पूर्ण अपडेट करा, तरी नाही जमलं तर शेअरिंगचा नाद सोडून प्रत्येक मशीनवरून थेट आयपीवर जोडा, पण ती व्हॅल्यू शून्य करू नका.

सपोर्टला फोन केला तर तिकडून एकच पाठ केलेलं वाक्य, ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून परत टाका. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. प्रिंटर लिस्टमधून काढला म्हणजे ड्रायव्हर गेला असं होत नाही, पॅकेज आत तसंच राहतं आणि पुन्हा जोडला की तोच सडका ड्रायव्हर निमूटपणे येऊन बसतो. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ड्रायव्हर आणि पॅकेज दोन्ही काढावं लागतं, आणि तिथे तो म्हणतो ड्रायव्हर वापरात आहे. मग स्पूलर रीस्टार्ट करून त्याने ड्रायव्हर परत पकडायच्या आत पटकन रिमूव्ह दाबायचं.

चुकीचा ड्रायव्हर लागला तर काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला विचारा. प्रिंटरला फक्त पीसीएल ही भाषा समजते आणि मशीनवर पोस्टस्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेचा ड्रायव्हर बसलाय, दोन पानांचं पत्र पाठवलं, तर पहिल्या कागदावर वर '%!पीएस-अडोबी' आणि खाली कोडच्या ओळी, मग पुढचा कागद, मग पुढचा, ट्रे रिकामा होईपर्यंत भसाभस. कॅन्सल दाबलं तर क्यूमध्ये 'डिलीटिंग' असं येतं आणि ते तसंच राहतं. प्रिंटर बंद करून चालू केला की उरलेलं परत छापायला लागतो, कारण काम कॉम्प्युटरमध्ये अडकलंय. तेव्हा स्पूलर सर्व्हिस थांबवायची, सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरच्या आतलं प्रिंटर्स फोल्डर रिकामं करायचं आणि सर्व्हिस परत चालू करायची, तेव्हा कुठे शांत होतं. कॅन्सल म्हटलं की कॅन्सल होणं, ही अपेक्षा फार मोठी आहे का?

वर २०१५ पासून विंडोज १० मध्ये डीफॉल्ट प्रिंटर विंडोजच ठरवतं, बंद केलं नाही तर. शेवटचा जो वापरला तो डीफॉल्ट. म्हणजे एकदा कधी दुसऱ्या मजल्यावर प्रिंट काढली की पुढची गपचूप तिकडेच. कोणाची पगाराची स्लिप, कोणाचं राजीनाम्याचं पत्र दुसऱ्या डिपार्टमेंटच्या ट्रेमध्ये उघडं पडलेलं असतं आणि इकडे माणूस प्रिंटरपाशी ताटकळत उभा. ही नुसती गैरसोय नाहीये, कोणाची तरी खासगी गोष्ट चव्हाट्यावर येते. ती सेटिंग मी प्रत्येक मशीनवर बंद करते.

आणि हे सगळं असंच असावं लागतं असं कोणी मला सांगू नका. ॲपलचं एअरप्रिंट २०१० मध्ये आलं, तेव्हापासून आयफोनवरून ड्रायव्हर न टाकता प्रिंट निघतेय. म्हणजे जमतं! आणि कॉम्प्युटरसाठी मात्र कंपनीच्या साइटवरून शेकडो एमबीचं सेटअप उतरवायचं, त्यात टोनर विकणारं ॲप, स्कॅनचं ॲप, अकाउंट उघडा, ईमेल द्या, आणि मला हवा असलेला साधा ड्रायव्हर कुठेतरी खाली बारीक अक्षरात. बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून हळूहळू बंद करून आयपीपी या कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय छापायच्या सामायिक पद्धतीवर जायचं, असं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केलं. चांगलंय, पण ऑफिसात जे जुने दणकट लेझर प्रिंटर अजून नीट चालतायत आणि ज्यांना आयपीपी धड येत नाही, त्यांचं काय, भंगारात द्यायचे का?

मी माझ्यापुरतं ठरवलंय. पुढचा प्रिंटर बसवायला जो कोणी येईल त्याच्याकडून आधी आयपी रिझर्व्ह करून घेणार, पोर्ट टीसीपी/आयपीचा आहे हे बघणार, नेमका कुठला ड्रायव्हर टाकला ते लिहून घेणार, कॉन्फिगरेशन पेज छापून मशीनच्या बाजूला चिकटवणार, लाइट बंद करून परत चालू करून प्रत्येक टेबलावरून प्रिंट येते का ते त्याच्यासमोर तपासणार, आणि तोपर्यंत चलनावर सही मिळणार नाही, मग त्याला पुढच्या कॉलला कितीही उशीर होऊ दे.