गाईड बघताच, पण काम कुठल्या जीवावर तेही बघा
लेखात म्हटलंय की बायोलॉजीत पीएचडी करायची तर आधी विषय ठरवा नि मग गाईड शोधा, हे पटलं, पण प्रयोग कुठल्या जीवावर करणार याबद्दल एक ओळ तरी हवी होती. कारण सगळं वेळापत्रक तोच ठरवतो! ई. कोलाय हा जीवाणू चांगल्या मीडियात (वाढीसाठीच्या पोषक द्रवात) २० मिनिटांत दुप्पट होतो, संध्याकाळी लावलेलं कल्चर (वाढवलेले जीवाणू) सकाळी तयार. फळमाशीची पिढी २५ डिग्रीला साधारण १० दिवसांची, आणि क्रॉस (ठरावीक नर-मादीचा संकर) लावायचा तर माद्या कोषातून बाहेर आल्यापासून ८ तासांच्या आत, भलत्या नराशी मीलन व्हायच्या आधीच, वेगळ्या काढायच्या, म्हणजे रविवार असो की सुट्टी, लॅबला जावंच लागतं. उंदराचं तर गर्भारपणच ३ आठवड्यांचं, पिल्लू वयात यायला आणखी ६ ते ८, त्यात दोन-तीन पिढ्यांचं ब्रीडिंग लागलं की वर्ष कधी सरलं कळत नाही. म्हणून जॉइन व्हायच्या आधी त्या लॅबमधल्या सीनियर मुलांशी गाईड समोर नसताना बोला, पहिला पेपर यायला किती वेळ लागला, निगेटिव्ह रिझल्ट आला की सर किंवा मॅडम काय म्हणतात, सरळ विचारा. आणि रोटेशनची (गाईड ठरवण्याआधी दोन-तीन लॅबमध्ये थोडे थोडे दिवस काम करून बघण्याची) सोय असेल तर ती अजिबात सोडू नका.