धपका कुठी मारायचा?

आमच्या गावचा कास्तकार कृषी केंद्राच्या काउंटरवर 'मोनोक्रोटोफॉस' हे कीटकनाशकाचं नाव एका दमात म्हणतो. त्याचाच सातवीतला पोरगा माझ्यासमोर 'इन्फर्मेशन' वाचताना मधेच अडकून घाम पुसतो. बापानं शब्द कानानं घेतला. पोराला आम्ही तो स्पेलिंगनं दिला, एवढाच फरक.

राज्यात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. स्पेलिंगची घोकंपट्टी आम्ही भरपूर केली. शब्द कुठं तोडायचा, जोर कुठं द्यायचा, हे मात्र राहूनच गेलं. (मीही त्यातच आलो.)

मराठीत लिहिलेलं बघून भागतं. यमाताराजभानसलगा म्हणत पोरं लघु-गुरूच्या खुणा बरोबर करतात. इंग्रजीत कागद फसवतो. 'चॉकलेट'च्या स्पेलिंगमध्ये स्वर चार, तोंडात तुकडे दोनच. म्हणून मी पोरांना हनुवटीखाली हात धरायला लावतो. जबडा जितक्यांदा खाली येईल, तितके तुकडे. मग बेंचवर एकच धपका, जोराच्या तुकड्यावर.

'फोटोग्राफ'चा धपका 'फो'वर. 'फोटोग्राफी' आली की तो सरकून 'टॉ'वर जातो आणि 'फो' बिचारा 'फ' होऊन बसतो. एका पोरीनं विचारलं, "सर, शब्द एकाच घरचे हायेत ना, मंग धपका काहून सरकला?" बी.एड.ला हा प्रश्न मला कोणी विचारला असता तर! शेवटी 'शन', 'इक', 'इटी' आलं की धपका बहुतेक त्याच्या अगदी आधीच्या तुकड्यावर पडतो, हे सांगितलं. एज्यु'के'शन, युनि'व्हर्'सिटी. मग तिनंच भिंतीवरचं अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं पोस्टर वाचलं. 'ॲग्रिकल्चर'ला 'ॲग'वर धपका, 'ॲग्रिकल्चरल'ला 'कल'वर. न सांगता बरोबर मारला.

एका मुलाखतीत मी 'डेव्हलप' म्हणताना 'डे'वर जोर दिला होता. साहेब सगळ्यांसमोर हसले. जोर 'व्हे'वर हवा, हे सांगायला त्यांना दोन सेकंद लागले असते. माझं म्हणणं एवढंच, की वऱ्हाडी वळणाचं इंग्रजी बोलायची लाज नको. धपका तेवढा जागेवर पडू द्या, समोरच्याला समजतं.

परवा तो इन्फर्मेशनवाला पोरगा धावत आला. रात्री घरी बापाच्या हनुवटीखाली हात धरून बसला होता म्हणे.

"सर, मोनोक्रोटोफॉसले बाबाचा जबडा पाच वेळा पडते!"