‘ट्रेनरवर सायकल कॉम्प्युटर म्हणजे पैसे पाण्यात’ : एका मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

पावसाळा लागला की कोल्हापुरातल्या सायकली घरात येतात. पन्हाळ्याचा चढ शेवाळतो, गगनबावड्याकडं जायचं तर पाऊस अंगावर घेतच जावं लागतं, आणि पंचगंगा पात्राबाहेर आली की शिवाजी पुलापलीकडच्या राइडचा विषयच संपतो. मग ट्रेनर, म्हणजे सायकल घरात जागेवरच चालवायचा स्टँड, निघतो, आणि सायकलिंगच्या ग्रुपवर सायकल कॉम्प्युटरबद्दल (हँडलवर बसणारं, वेग, अंतर, वॅट दाखवून नोंदवणारं यंत्र) पुढचा मेसेज फिरायला लागतो :

‘भावांनो, ट्रेनरवर सायकल कॉम्प्युटर लावू नका. घरात जीपीएस लागत नाही, स्पीड झिरो दाखवतो. दाखवला तरी ॲपचे किलोमीटर आणि त्याचे किलोमीटर जुळत नाहीत, म्हणजे आकडे खोटे. ट्रेनर कंट्रोल करायला लॅपटॉप आणि ॲपच लागतं. साध्या ट्रेनरवर तर त्याचा काडीचा उपयोग नाही. वर घामानं बाद होतो. पैसे पाण्यात.’

यातलं घामाचं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे, त्याकडं शेवटी येऊ. बाकीचे निष्कर्ष चुकीचे आहेत. नवीन पोरं हे वाचून हातातलं चांगलं साधन ड्रॉवरमध्ये टाकतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘जीपीएस लागत नाही, स्पीड झिरो’

छताखाली जीपीएस नीट लागत नाही, हे बरोबर. पण कॉम्प्युटरला वेग कळायला तो एकच रस्ता नाही. चाकाच्या हबवर (मधल्या तुंब्यावर) बसणारा स्पीड सेन्सर चाकाचे फेरे मोजतो. फेऱ्यांना टायरच्या घेरानं गुणलं की अंतर निघतं. त्याला आकाश दिसायची गरज नाही.

मग झिरो का दिसतो? बहुतेक वेळा कारण साधं असतं. सेन्सर पुढच्या हबवर असतो, आणि ट्रेनरवर पुढचं चाक जागचं हलत नाही. तो काढून मागच्या हबवर लावा. मागचं चाक काढून सायकल थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (दातेरी चक्रांवर) बसवायची असेल, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह असेल, तर हबचा सेन्सर घरात कामाचा नाही. तिथं वेग ट्रेनरच पाठवतो, त्यालाच कॉम्प्युटरशी जोडायचं.

जीपीएस अजिबात न लागण्यापेक्षा अर्धवट लागणं जास्त त्रासाचं. खिडकीजवळ ट्रेनर असला की कॉम्प्युटरला मधूनच उपग्रह सापडतात, जागा इकडंतिकडं सरकते, आणि नकाशावर तुमच्याच घराभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. वेग शून्यावर गेला की ऑटो-पॉज लागतो आणि इंटरव्हलच्या, म्हणजे जोराच्या टप्प्याच्या, मधोमध घड्याळ थांबतं. म्हणून घरासाठी वेगळं प्रोफाइल (सेटिंगचा संच) करा. गार्मिन आणि वाहू या दोन्ही कंपन्यांच्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये इनडोअर प्रोफाइल असतं. त्यात जीपीएस बंद, ऑटो-पॉज बंद आणि अंतरावरचा ऑटो-लॅप (ठरावीक अंतर झालं की आपोआप नवा टप्पा, म्हणजे लॅप, सुरू करणारी सोय) बंद ठेवायचा. नोंद दर सेकंदाला होऊ द्यायची.

टायरचा घेरही एकदा तपासा. ७०० बाय २५ टायरचा घेर साधारण २१०५ मिलिमीटर धरतात, ७०० बाय २८ चा २१३६, आणि २९ बाय २.१ च्या माउंटन बाइकचा २२८८. सेन्सर माउंटन बाइकवरून रोडबाइकवर आणला आणि जुना घेर तसाच राहिला, तर ताशी ३० च्या जागी ३२.६ दिसणार. यात सेन्सरचा दोष नाही, घेराचा आकडा चुकलेला आहे.

‘किलोमीटर जुळत नाहीत, म्हणजे आकडे खोटे’

या मेसेजमधलं सर्वात नुकसान करणारं वाक्य हेच आहे, कारण ते ऐकायला पटतं. दोन घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत असतील तर एक चुकीचं असणार, असं कुणालाही वाटेल. पण इथं दोन यंत्रं एकच गोष्ट मोजतच नाहीत.

पडद्यावर आभासी रस्ता दाखवणाऱ्या ॲपमधला वेग हा हिशेबाचा वेग आहे. तुमचे वॅट (पायांनी लावलेली ताकद), तुमचं वजन, पडद्यावरच्या रस्त्याचा चढ, पुढच्या सायकलीच्या आडोशाला आहात की नाही, हे सगळं घेऊन ॲप ठरवतं की खऱ्या रस्त्यावर किती वेग असता. कॉम्प्युटर मात्र चाक किंवा ट्रेनरचं फ्लायव्हील (जड चक्र) खरोखर किती फिरलं ते सांगतो. पडद्यावर ८ टक्क्यांचा चढ असताना ॲप ताशी १२ दाखवेल आणि कॉम्प्युटर २०. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

हे स्वतः पाहायचं असेल तर स्मार्ट ट्रेनर (हुकमाप्रमाणे विरोध आपोआप बदलणारा) अर्ग मोडवर १८० वॅटला लावा. या मोडमध्ये तुम्ही कोणताही गिअर घ्या, ट्रेनर विरोध कमीजास्त करून वॅट तेवढेच ठेवतो. पुढं ५०, मागं १५ दातांवर पायडलचे मिनिटाला ९० फेरे ठेवले की २१०५ च्या घेराला ताशी जवळजवळ ३८ किलोमीटर दिसतील. आता पुढं ३४, मागं २१ घ्या, फेरे ९० च ठेवा. वेग ताशी १८ च्या आसपास येतो. पायांना काम तेवढंच, १८० वॅट. तासाभरात एकाचे ३८ किलोमीटर, दुसऱ्याचे १८, आणि दमणूक सारखी.

तेव्हा ट्रेनरवर किलोमीटर हा आकडाच बाजूला ठेवायचा. तालमीतला पैलवान जोर-बैठका मोजतो, हौद्यात किती पावलं चाललो ते मोजत नाही. कॉम्प्युटरच्या पानावर पाच रकाने पुरेत : ३ सेकंदांच्या सरासरीचे वॅट, चालू लॅपचे सरासरी वॅट, कॅडेन्स (पायडलचे मिनिटाला फेरे), नाडीचे ठोके आणि लॅपची वेळ. वेगाचा रकाना पहिल्या पानावरून काढूनच टाका. डोळ्यासमोर असला की पाय नकळत त्याच्या मागं लागतात.

हे रकाने काय सांगतात बघा. समजा १५० वॅटवर तासभर सलग चालवलं. पहिल्या अर्ध्या तासात नाडी सरासरी १३८, दुसऱ्या अर्ध्या तासात १५०. वॅट तेच, ठोके वाढले. दर ठोक्यामागचं काम ८ टक्क्यांनी घसरलं. साधारण ५ टक्क्यांच्या आत घसरण असेल तर ती तीव्रता अंगाला मानवली असं धरतात. पण जुलैच्या दमट हवेत, बंद खोलीत घाम वाळत नाही, अंग तापतं आणि नाडी वर चढते. अशा वेळी वॅट कमी करायच्या आधी पंखा जवळ आणा, समोरून छातीवर वारा येऊ द्या, पाण्याची बाटली वाढवा, आणि पुढच्या आठवड्यात तीच राइड पुन्हा करून दोन फाइल शेजारी ठेवा. घसरण ८ वरून ४ वर आली तर दोष तब्येतीचा नव्हता, हवेचा होता. ही तुलना किलोमीटरवरून कधीच करता येणार नाही.

वॅटसुद्धा दोन ठिकाणी वेगळे दिसू शकतात, तेवढं मान्य. क्रँकवरचा (पायडलच्या दांडीवरचा) पॉवर मीटर, म्हणजे वॅट मोजणारा सेन्सर, आणि ट्रेनर यांत थोडा फरक येतोच. चेनमध्ये काही वॅट जातात आणि दोन्ही यंत्रांची स्वतःची चूक धरावी लागते. उपाय एवढाच, की घरात आणि रस्त्यावर वॅटचा स्रोत एकच ठेवा. क्रँकवर मीटर असेल तर दोन्हीकडं तोच. २० मिनिटांच्या चाचणीचे सरासरी वॅट गुणिले ०.९५ करून जो एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारे वॅट) काढता, तोही त्याच स्रोतावर काढा. सरासरी २०० आली तर एफटीपी १९०. ही चाचणी अर्ग मोड बंद करूनच करायची, नाहीतर वॅट तुम्ही नाही, ट्रेनर ठरवतो.

‘कंट्रोल करायला लॅपटॉपच लागतो’

नाही. ट्रेनर स्मार्ट असेल आणि अँट प्लस या बिनतारी जोडणीतला, ट्रेनर चालवायचा एफई-सी प्रकार बोलत असेल, तर बरेच कॉम्प्युटर त्याला थेट चालवतात. अगदी साध्या, स्वस्त कॉम्प्युटरमध्ये ही सोय नसते, म्हणून घेताना ‘स्मार्ट ट्रेनर कंट्रोल’ आहे का ते विचारा. असेल तर ठरलेले वॅट देता येतात, सेव्ह केलेल्या रूटचा चढ ट्रेनरवर येतो, आणि आधी बनवलेला वर्कआउट पायरीपायरीनं चालतो. पन्हाळ्याची जुनी राइड रूट म्हणून टाकली तर तोच चढ जिथं येतो तिथं ट्रेनर जड होतो.

जोडणी करताना पायडल फिरवत राहा, थांबलेला ट्रेनर झोपी जातो आणि सापडत नाही. तरीही सापडला नाही तर फोनमधलं ट्रेनरचं ॲप पूर्ण बंद करा. ब्लूटूथवर बरेच ट्रेनर एका वेळी एकालाच धरतात. फोननं धरला की कॉम्प्युटरला तो दिसत नाही. अँट प्लसवर ही अडचण नाही, तिथं सेन्सर सगळ्यांना एकदम ऐकू जातो. अपार्टमेंटमध्ये शेजारीही सायकलवाला असेल तर जोडताना सेन्सरचा नंबर बघून घ्या.

ॲपही वापरायचं असेल तर एक नियम पाळा : ट्रेनरचा लगाम एकाच्याच हातात. ॲपनं ४ टक्क्यांचा चढ मागितला आणि कॉम्प्युटरनं त्याच क्षणी १५० वॅट मागितले, तर ट्रेनर क्षणात जड, क्षणात हलका होतो. मग लोक ट्रेनर दुरुस्तीला नेतात, तिथं तो व्यवस्थित चालतो. ॲप चालवत असेल तेव्हा कॉम्प्युटरला ट्रेनर ‘ट्रेनर’ म्हणून जोडू नका, नुसता ‘पॉवर सेन्सर’ म्हणून जोडा. तो बघेल आणि लिहून ठेवेल, हुकूम देणार नाही. दोघांचीही फाइल आपोआप स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या ॲपवर जात असेल तर एकाचं अपलोड बंद करा, नाहीतर एका तासाचे दोन तास होतात आणि आठवड्याचा ताण दुप्पट दिसतो.

अर्ग मोडमध्ये अजून एक अडचण येते. दमल्यावर कॅडेन्स ९० वरून ६० वर आला की तेवढेच वॅट भरायला ट्रेनर अधिक जड होतो, त्यामुळं पाय अजून मंदावतात, आणि शेवटी पायडल अडकल्यासारखं होतं. जोर लावून लढू नका. कॉम्प्युटरवर वर्कआउट थांबवा, हलक्या हातानं फेरे ९० वर न्या, मग पुन्हा सुरू करा.

आणि कोल्हापुरात लाइट जाते. राउटर बंद, ॲपचं इंटरनेट बंद. बहुतेक इलेक्ट्रॉनिक ट्रेनरचा विरोधही जातो आणि पाय हवेत फिरल्यासारखे फिरतात. कॉम्प्युटर मात्र स्वतःच्या बॅटरीवर असतो, घड्याळ आणि नाडी लिहीतच राहतो. क्रँकवर पॉवर मीटर असेल तर वॅटही येत राहतात. लाइट आली की ट्रेनर आपणहून परत जोडला जातो का बघा, नसेल तर पायडल फिरवत जोडणी पुन्हा करा. जमलं तर पंखा इन्व्हर्टरच्या लाइनीवर घ्या. ट्रेनर थांबला तरी वारा थांबू नये.

‘साध्या ट्रेनरवर काडीचा उपयोग नाही’

उलट, साध्या ट्रेनरवर कॉम्प्युटरची गरज जास्त. स्मार्ट ट्रेनर स्वतः वॅट सांगतो. मॅग्नेटिक (चुंबकाचा) किंवा फ्लुइड (आत द्रव असलेला) ट्रेनर मुका असतो, त्याला वाचा सेन्सरच देतात. फ्लुइड ट्रेनरवर ठराविक वेगाला ठराविक मेहनत लागते. म्हणजे इथं वेगाला अर्थ आहे, पण रोजची मांडणी तीच असेल तरच.

त्यासाठी टायरमध्ये दरवेळी तेवढीच हवा भरा. गेजवर बघून भरा, अंगठ्यानं दाबून नाही. रोलर (ट्रेनरचा रूळ) मागच्या टायरला टेकल्यावर नॉब किती फेरे आवळला ते मोजून ठेवा. दहा मिनिटं चालवून टायर आणि ट्रेनर तापू द्या. मग ताशी ३० ला नेऊन पायडल सोडा आणि चाक थांबायला किती सेकंद लागतात ते मोजा. आकडा ट्रेनरवर चिकटपट्टी लावून लिहा. पुढच्या वेळी सेकंद कमी आले तर रोलर जास्त आवळलाय किंवा हवा कमी आहे, जास्त आले तर उलट. ते सारखं झाल्याशिवाय परवाच्या राइडशी तुलना करू नका.

याला जोड म्हणून डाव्या क्रँकवर कॅडेन्स सेन्सर आणि छातीवर नाडी मोजणारा पट्टा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला पाणी लावून मगच बांधा. कोरड्या पट्ट्यावर पहिली दहा मिनिटं नाडी मन मानेल तशी दिसते. आकडे मधूनच गायब होत असतील तर आधी सीआर२०३२ सेल बदलून बघा, मग राउटर ट्रेनरपासून लांब हलवा.

‘घामानं बाद होतो’

घरात वारा नसल्यानं घाम सरळ खाली टपकतो, आणि स्टेमवरचा (हँडल धरणाऱ्या दांड्यावरचा) कॉम्प्युटर बरोबर त्याच्या खाली असतो. बरेच कॉम्प्युटर आयपीएक्स७ दर्जाचे असतात, म्हणजे ते पाण्याला दाद देत नाहीत. पण घाम म्हणजे मीठ. ते चार्जिंगच्या पोर्टमध्ये वाळतं, आणि त्यावर वायर लावली की संपर्काचे पत्रे हिरवे पडायला लागतात. हँडलवर टॉवेल आडवा टाका, कॉम्प्युटर शक्यतो स्टेमच्या पुढं काढलेल्या माउंटवर लावा. राइड संपली की ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्या. स्टेमचे बोल्ट आणि हेडसेटचं (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचं) वरचं झाकणही त्याच फडक्यानं पुसा, गंज आधी तिथंच धरतो. चार्जिंगला लावायच्या आधी रबरी झाकण उघडून तासभर पंख्याखाली ठेवा. टचस्क्रीन असेल तर ती लॉक करून बटणांवर चालवा, कारण घामाचा थेंबसुद्धा लॅप पाडतो.