बाणेरची हौस? आधी पार्किंग बघा

गेले काही दिवस पुण्यात एक मेसेज फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: विजेची गाडी ही बाणेर-औंधच्या श्रीमंतांची हौस, तिचे लाड आपल्या खिशातून, ती चालते शेवटी कोळशावरच आणि पाच वर्षांत बॅटरी भंगारात. लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. पण त्यातलं बरंचसं चूक आहे, आणि ते खरं मानलं तर नुकसान जुन्या पेठांत राहणाऱ्या आमच्यासारख्यांचंच होईल.

आधी हौस. बाणेरला या गाड्या जास्त दिसतात, हे खरंच. का, ते माझ्या मावसबहिणीच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं की कळतं. तिची जागा ठरलेली. खांबावर १५ अँपिअरचं सॉकेट, वायर तिच्याच मीटरवरून खाली आणलेली. रात्री दहाला ती प्लग लावते, सकाळी काढते. हिंजवडीला जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात, त्याला जेमतेम पाच युनिट लागतात. साध्या सॉकेटवर दोन तासांचं काम.

आता आमची इमारत. नवी पेठ, चार मजले, बारा बिऱ्हाडं, पार्किंगच्या जागा चार. त्यातली एक माझी. दोन वर्षांपूर्वी मी सोसायटीकडे स्वखर्चाने सॉकेट बसवायची परवानगी मागितली. 'लोड वाढेल', 'उद्या सगळेच मागतील', एवढ्यावर बैठक आटोपली. मी पेट्रोलचीच गाडी घेतली. टाटाची विजेवरची टियागो ईव्ही २०२२ मध्ये साडेआठ लाखांपासून मिळू लागली होती, आणि तेवढ्या किमतीच्या किंवा त्याहून महाग गाड्या आमच्या गल्लीत रांगेने उभ्या असतात. म्हणजे पैसे आमच्याकडेही होते. रात्री गाडी लावायची कुठे आणि वायर आणायची कुठून, तिथेच सगळं अडलं. बाणेरच्या नव्या इमारतींत ती अडचण नाही, इतकंच.

शिवाय ही गोष्ट फक्त श्रीमंतांची नाहीच. २०२४-२५ मध्ये देशात विजेच्या चारचाकी विकल्या गेल्या लाखभर. दुचाकी अकरा लाखांवर आणि तीनचाकी सात लाखांच्या आसपास. घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या मुलांच्या स्कूटर बघा. पुण्याच्या पीएमपीच्या विजेच्या बसेस तर २०१९ पासून धावताहेत, त्यांत चढणारा माणूस बाणेरचा बंगलेवाला नव्हे.

पैशाचा मुद्दा अर्धा खरा आहे. केंद्राच्या फेम-२ योजनेत खासगी चारचाकीला अनुदान नव्हतं, त्यानंतरच्या पीएम ई-ड्राइव्हमध्येही नाही. राज्याच्या २०२१ च्या धोरणात पहिल्या १०,००० गाड्यांना जास्तीत जास्त दीड लाखांचं मूळ अनुदान होतं. पण ५ टक्के जीएसटी आणि रस्ता करातली माफी या सवलती आहेतच. तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर लावायचं राज्याच्या अर्थसंकल्पात मार्च २०२५ मध्ये ठरलं होतं, पण त्याच महिन्यात माघार घेतली. माझ्या मते ती घ्यायला नको होती. तो पैसा जुन्या सोसायट्यांच्या वायरिंगला लावता आला असता.

कोळशाचं मात्र नीट गणित मांडू. आपल्याकडे वीज मुख्यतः कोळशावरच होते. देशाच्या सरासरीने एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीसारखी विजेची गाडी शहरात युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. वाटेतली वीजगळती धरली तरी किलोमीटरला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम. लिटरला बारा किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी नुसत्या धुराड्यातून १९० ग्रॅम सोडते. बॅटरी बनवतानाचं प्रदूषण वेगळं, ते भरून निघायला काही वर्षं जातात. फरक प्रचंड नाही, पण आहे. विद्यापीठ चौकात दिवसभर उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या नाकाशी तर तो चांगलाच आहे. कोळशाचा धूर चंद्रपूर-कोराडीच्या लोकांच्या छातीत जातो, हे मी विसरत नाही. म्हणून तर कोळसा कमी व्हायलाच हवा. आज घेतलेली विजेची गाडी, राज्यात सौर वीज वाढेल तशी, आहे त्याच अवस्थेत स्वच्छ होत जाईल. माझी गाडी मात्र पंधरा वर्षं पेट्रोलच पिणार.

राहिली बॅटरी. तिच्यावर साधारण आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली, म्हणजे पाच वर्षं कधीच उलटली. तरी त्या पहिल्या गाड्या सरसकट भंगारात गेलेल्या नाहीत.

येत्या वार्षिक सभेत माझा अर्ज मी पुन्हा ठेवणार आहे. या वेळी सोबत वायरमनचा लेखी अंदाज आहे, आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांचं ते पानही, ज्यात घरच्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला स्पष्ट मुभा दिली आहे.